सहा छत्र्यांचा जिराफ

साटमकाकांना जिराफ हवा होता. पाळायला नव्हे, आमच्या इमारतीच्या भिंतीवर. आणि माणूस घरात पंखा हवा किंवा दारात जाळी हवी असं ज्या सुरात म्हणतो, त्याच सुरात ते "जिराफ हवा" म्हणायचे. त्यामुळे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं, आपलंच काहीतरी ऐकायचं राहून गेलं असावं.

मुलुंड पूर्वेच्या आमच्या गल्लीत दोन इमारती समोरासमोर उभ्या आहेत. आमची ‘शरयू’ आणि त्यांची ‘पारिजात’. शरयूची गल्लीकडची अख्खी बाजू बिनखिडक्यांची आहे. खालपासून गच्चीपर्यंत नुसती करडी भिंत, एक पाइप आणि ओल. शहर सुंदर करण्याच्या योजनेत एका कलासंस्थेनं ही भिंत चित्रासाठी निवडली आणि मी शरयूचा सेक्रेटरी असल्यामुळे बैठका आमच्या सोसायटीच्या ऑफिसात ठरल्या. योजनेचं सगळ्यात महत्त्वाचं कलम लोकसहभाग हे होतं. लोकसहभाग म्हणजे लोकांनी खुर्च्यांवर बसायचं, वेफर्स खायचे आणि रंगवणाऱ्याला काय काढायचं ते सांगायचं. आमची गल्ली यात कमी पडणारी नव्हती.

संस्थेतर्फे तन्वी नावाची मुलगी आली होती. जीन्सवर रंगाचे डाग, केसांत पेन्सिल खोचलेली. तिनं "तुम्हाला या भिंतीवर काय बघायला आवडेल?" असं विचारलं आणि प्रधानकाकूंनी "मोर" म्हणून तिचं वाक्य संपवलं. मग कुणी गड म्हणालं, कुणी कोळी नाच म्हणालं, कुणाला ‘पाणी वाचवा’ लिहून हवं होतं. हे सगळं शांतपणे ऐकून घेऊन मागच्या खुर्चीवरून साटमकाका उठले. पारिजातच्या पहिल्या मजल्यावर राहणारे, अंगानं काटकुळे, इस्त्रीचा बुशशर्ट आणि हातात लांब दांड्याची काळी छत्री. पावसाळा कधीच संपला होता.

"बाकी तुमचं चालू द्या," ते म्हणाले. "एक जिराफ तेवढा घ्या."

"जिराफ का, काका?" तन्वीनं विचारलं.

काका तयारीनं आले होते. "एक म्हणजे, जिराफ शाकाहारी आहे. दोन, तो आवाज करत नाही, म्हणजे शांततेचा संदेश आपोआप जातो. आणि तीन, आपल्याकडे काहीही काढा, ते कुणाचं तरी निवडणूक चिन्ह निघतं. जिराफ अजून मोकळा आहे."

प्रधानकाकूंनी मोराचे राष्ट्रीय मुद्दे काढले, पण त्यांचा आवाज आधीसारखा नव्हता. काकांनी मात्र घड्याळ बघितलं, पुढ्यातला चहा अर्धा ठेवला आणि "घरी जरा काम आहे" म्हणून ते निघून गेले.

हा अर्धा चहा त्यांची खूण होती. लग्नात, गणपतीत, कोपऱ्यावरच्या टपरीवर, कुठंही साटमकाकांनी चहा पूर्ण प्यायलेला कुणी पाहिला नव्हता. दोन-तीन घोट झाले की त्यांचं लक्ष घड्याळाकडे जायचं. घरी काम काय असायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं. लग्न केलेलं नव्हतं. एक मोठी बहीण होती, पण ती बरीच वर्षं दिसली नव्हती आणि ती गावी मालवणकडे गेली असावी असं गल्लीनं आपापसांत ठरवून टाकलं होतं.

काका सरकारच्या वजनमापे खात्यातून निवृत्त झाले होते. उभा जन्म दुकानदारांचे तराजू आणि कापडवाल्यांचे मीटर तपासण्यात गेलेला. पण स्वतः मात्र ते भिंती छत्रीनं मोजायचे. आसपास कुठं सरकारी भिंतीवर चित्र काढलंय असं कळलं की काका छत्री घेऊन ते बघून यायचे. बघून म्हणजे मोजून. भिंतीला छत्री लावायची, बोटानं खूण धरायची, छत्री वर सरकवायची. मग परतल्यावर मला जिन्यात गाठून अहवाल द्यायचे.

"घाटकोपरचा वाघ बघून आलो. दोन छत्र्या."

"कसा आहे?"

"खालीच राहिला."

भांडुपचा हत्ती तीन छत्र्या. कामाचा नाही, खालीच राहिला. नाल्याच्या भिंतीवरचे फ्लेमिंगो दीड छत्री, म्हणजे बोलायलाच नको. रंग कसे आहेत, रेषा कशी आहे, याबद्दल ते अवाक्षर काढत नसत. मी एकदा म्हटलं, "काका, चित्र उंचीवर थोडंच असतं?" तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी खोटं वजन ठेवणारा किराणावाला आहे की काय असं मला वाटलं.

"जिराफ पुरा वाढला की सहा छत्र्या भरतो," ते म्हणाले. "पुस्तकात बघून घेतलंय मी." आणि घड्याळ बघून जिना चढून... म्हणजे आमचा जिना उतरून त्यांचा चढायला गेले.

दुसऱ्या बैठकीत त्यांनी जिराफ पुन्हा मांडला. शिवाय जिराफाची कात्रणं वाटली. तोवर मोरवाले आणि गडवाले एकमेकांशी बोलेनासे झाले होते. त्यामुळे जिराफ हा ज्याच्यावर कुणाचाच राग नाही असा एकमेव उमेदवार उरला आणि निवडून आला. काकांनी त्या दिवशी दोन वेफर्स जास्त खाल्ले. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या बैठकीत तन्वीनं कच्चं चित्र भिंतीला टेकवून दाखवलं. मला तर ते आवडलं. एक मोठा जिराफ पाय मुडपून गवतात बसला आहे, मान खाली वळवून मुलांच्या पुस्तकात डोकावतो आहे. त्याच्या अंगावरचे ठिपके म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांच्या हाताचे ठसे असणार होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

साटमकाका उठून उभे राहिले. "बसलेला?"

"हो काका. कसंय ना, परांची बांधायचे पैसेच नाहीयेत आपल्याकडे. शिडीवरून जेवढं होईल तेवढंच. उभा काढला तर बजेटची वाट लागेल."

"मग तो उठणार कधी?"

सगळे हसले. प्रधानकाकू तर डोळे पुसून हसल्या. काका हसत नव्हते. ते त्या कागदाकडे बघत राहिले, मग खाली बसले, मग उठले. चहा तसाच ठेवून ते निघून गेले. या वेळी अर्धासुद्धा प्यायले नाहीत.

"जिराफ मागितला, जिराफ दिला," प्रधानकाकू म्हणाल्या. "आता त्याला कवायत करायला लावायची का?" मलाही काकांचा थोडा रागच आला होता. सेक्रेटरीला अशी माणसं रोज भेटतात. त्यांना नळ दुरुस्त करून दिला की ते धार कुठल्या कोनात पडते यावर पत्र लिहितात.

रविवारी चित्र रंगलं. सगळी गल्ली तपकिरी रंगात हात बुडवून जिराफाच्या पोटावर, पाठीवर ठसे उमटवत होती. मुलं, म्हातारे, इस्त्रीवाला, वॉचमन. साटमकाका काही आले नाहीत. त्यांची छत्री मात्र बैठकीच्या दिवसापासून आमच्या ऑफिसात कोपऱ्यात उभी होती. छत्री विसरणारे काका मला नवीन होते. संध्याकाळी ती घेऊन मी पारिजातचा जिना चढलो.

दार काकांनीच उघडलं आणि छत्री घेण्याऐवजी मलाच अडवल्यासारखे उंबऱ्यात उभे राहिले. तेवढ्यात आतून आवाज आला.

"कोण रे तो?"

"सेक्रेटरी इलेत, अक्का. समोरचे."

"भिंतीवाले? येवंदे तेंका आत. माका बोलूचा आसा."

आत खिडकीला लागून खाट होती आणि खाटेवर काकांची बहीण. गावी गेलेलीच नव्हती. बाथरूममध्ये पडून खुबा मोडला, तेव्हापासून खाट धरलेली. केस नीट विंचरलेले, कपाळाला कुंकू, आवाज खणखणीत. त्यांनी मला बसायलासुद्धा सांगितलं नाही.

"ती ओल बघ," त्या खिडकीकडे हात करून म्हणाल्या. "गेल्या वर्साक पायपाकडे होती. आता थंय कोपऱ्यात गेली. माझ्यापेक्षा जास्त फिरता ती."

मी वाकून त्यांच्या उशीच्या रेषेतून बाहेर बघितलं. आकाश नाही, गल्ली नाही, माणूस नाही. खिडकीच्या चौकटीत आमची करडी भिंत काठोकाठ भरलेली होती. खालचं चित्र, त्यातली मुलं, पुस्तक, ते हातांचे ठसे, यातलं काहीही तिथून दिसत नव्हतं. सगळं खालीच राहिलं होतं.

काका मला स्वयंपाकघरात घेऊन गेले आणि उगाचच भांडी हलवत राहिले.

"काका, बैठकीत एका शब्दानं बोलायचं होतं."

"कसं बोलणार? सार्वजनिक भिंत आहे, सेक्रेटरी. लोकांचे पैसे. माझ्या घराच्या खिडकीसाठी काढा म्हणून मागायचं? आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आलो की माप सगळ्यांना सारखं." मग हळूच म्हणाले, "सगळ्यांना आवडेल आणि वरपर्यंत पण येईल असं काहीतरी शोधत होतो. वाघ, हत्ती, मोर, कुणाचंच तोंड पहिल्या मजल्यावर येत नाही हो. फक्त जिराफाचं येतं."

"नारळाचं झाड चाललं असतं की. तेही उंच असतं."

"झाड बघत नाही," काका म्हणाले. "मी दूध आणायला गेलो, बँकेत गेलो, की ती एकटी त्या भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. कुणीतरी तिच्याकडे बघायला नको? नुसतं बघायला." मग एकदम सावरून, "कुणाला सांगू नका. अक्काला तर नकोच. ती मला घराबाहेर काढील."

मी एकीला सांगितलं. फोनवर तन्वी म्हणाली, "काय माणूस आहे यार! आधी बोलायचं ना!" आणि लगेच तिचा सूर बदलला. "पण आता उभा नाही करू शकत मी त्याला. अंगावर सगळ्यांचे हात आहेत. ते कसे पुसू?" मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मानेवर कुणाचे नाहीयेत पण."

आमच्या सोसायटीनं त्या भिंतीच्या ओलीचं काम मंजूर केलेलंच होतं. मी कंत्राटदाराला ते पुढच्या आठवड्यात सुरू करायला लावलं. भेगा भरून झाल्या तेव्हा गच्चीवरून सोडलेला त्याचा झुला एक दिवस भिंतीवर तसाच राहू दिला. कमरेला दोर बांधून, डोक्यावर हेल्मेट घालून तन्वी त्यावर बसली आणि आधीची खाली वळलेली मान पुसून तिनं नवी मान वर न्यायला सुरुवात केली. काका अक्कांच्या खिडकीत उभे राहून छत्रीनं खुणा करत होते. "अजून वर! जरा डावीकडे घे, बाळ! नाही, तिच्या डावीकडे!"

"मेल्या, कोणाक ओरडतस?" आतून अक्का.

डोळे सगळ्यात शेवटी काढले. लांब पापण्यांचे, मोठे, किंचित बावळट. तन्वीनं झुला बाजूला घेतला आणि खिडकीत तो चेहरा एकटा उरला. मी काकांच्या मागे उभा होतो. अक्कांनी पदर नीट केला.

"कसलो रे हो? माझ्याकडे असो काय बघता मेलो?"

"बघूंदे गो, अक्का," काका म्हणाले.

गल्लीतून बघाल तर तो जिराफ हास्यास्पद दिसतो. बूड टेकून बसलेला, पाय मुडपलेले आणि त्या एवढ्याशा बसलेल्या अंगातून मान सरळ निघून पहिल्या मजल्यापर्यंत गेलेली. पोरं त्याला शिडी म्हणतात. प्रधानकाकू येणाऱ्या-जाणाऱ्याला "प्रमाण चुकलंय" म्हणून सांगतात. संस्थेची मोठी मंडळी पाहणीला आली तेव्हा त्यांनीही मला बाजूला घेऊन मानेबद्दल विचारलं. मी म्हटलं, मुलगी नवीन आहे. खरं कारण आता इथे लिहून टाकलं, पण आमच्या गल्लीत वाचतं कोण!

परवा संध्याकाळी मी कोपऱ्यावर चहाला निघालो तर काका पारिजातच्या फाटकातून बाहेर पडत होते. एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात छत्री. गल्लीच्या मध्यावर ते थांबले, जिराफाकडे मान वर केली आणि शेजारणीला घर सोपवून जावं तसं म्हणाले, "बघ हं जरा. मी आलोच."

मग त्यांना मी दिसलो. ते थोडे लाजले. मी चहाचं विचारलं. ते हो म्हणाले. टपरीवर आम्ही ओलीबद्दल, कंत्राटदाराबद्दल, दुधाच्या भावाबद्दल बोललो. साटमकाकांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही. त्यांनी चहा संपवला, ग्लास उलटा करून शेवटचा थेंबही घेतला आणि टपरीवाल्याला म्हणाले, "अजून एक कटिंग दे रे."