खिडकीवाली पेटी

कॉम्प्युटर मी स्वतः जोडणार म्हणजे जोडणारच! तयार घेणार नाही. जिने आपलं न्हाणीघर स्वतःच्या हाताने डोंगरात कोरलं, तिला चार स्क्रू पिळता येत नाहीत की काय?

हे मी जाहीर केलं तेव्हा ईस्टरआधीचे उपास चालू होते आणि माझा नवरा लेफ्टेरिस तोंड पाडून ऑलिव्ह खात होता. त्याने बी गालात सरकवली आणि विचारलं, "फोतिनी काही बोलली का?"

बोलली! फोतिनी ही माझी थोरली बहीण. ॲडलेडला खिडक्यांच्या घरात राहते, आणि त्या खिडक्यांचा माज काही उतरत नाही. आम्ही दोघी दर रविवारी कॉम्प्युटरवर मोटारींची शर्यत खेळतो. साठीच्या बायकांनी काय खेळावं हे कुणी शिकवू नये! पण माझ्या जुन्या लॅपटॉपवर गाडी नेमकी वळणावर थिजायची आणि फोतिनी हॉर्न वाजवत पुढे जायची. परवा म्हणाली, "डेस्पिना, यंदा ईस्टर माझ्याकडे. तुमच्या बिळात किती वर्षं यायचं आम्ही?"

बिळात! अख्ख्या कूबर पेडीत, आमच्या या ऑस्ट्रेलियातल्या खाणींच्या गावात, शहाणी माणसं जमिनीखालीच राहतात. बाहेर कातडी सोलून काढणारं ऊन, आत गारवा. आणि आई गेल्यापासून ईस्टरचं कोकरू माझ्याच दारात भाजलं जातं. माझं डोकं फिरलं. "ईस्टरच्या आदल्या रविवारी, पाम संडेला शर्यत लावू," मी म्हणाले. "हरेल तिने दुसरीच्या घरी ईस्टरला जायचं. कायमचं!"

'कायमचं' म्हणायची काही गरज नव्हती. पण जीभ माझी, ती कधी कुणाचं ऐकते?

आमची मुलगी कालियोपी ॲडलेडला कॉम्प्युटरच्याच कामात आहे. तिने फोनवर कपाळ बडवलेलं मला इथे ऐकू आलं.

"आई, तयार घे गं. पहिल्यांदाच करते आहेस."

"तुलाही पहिल्यांदाच केलं होतं. बिघडलीस का?"

तिने भागांची यादी पाठवली.

मग भाग निवडायला बसलो. कालियोपी म्हणाली, ग्राफिक्स कार्ड मध्यम घे. मी म्हटलं, मध्यम कार्डाने मध्यम बायका हरतात, मला फोतिनीला हरवायचंय! सगळ्यात मोठं घेतलं. पॉवर सप्लाय लेफ्टेरिसने निवडला. त्याने जन्मभर ओपलच्या, म्हणजे आतून रंग चमकवणाऱ्या रत्नांच्या, खाणीत दगड फोडले, त्यामुळे जड ते चांगलं, एवढा एकच नियम त्याला ठाऊक.

"रॅमच्या पट्ट्या साध्या घे," कालियोपी म्हणाली. "दिव्यांच्या पट्ट्यांनी वेग वाढत नाही."

"माझ्या घराला एक खिडकी नाही, कॉम्प्युटरला तरी असू दे की! मी काचेच्या दाराची पेटी घेणार. आणि पट्ट्यांना दिवे, पंख्यांना दिवे, कार्डालाही दिवे. लाल, हिरवे, निळे, फिरते!"

"आई, नाताळचं झाड आहे का ते?"

"असेल! माझं झाड आहे!"

खोकी आली. कार्ड बघून माझी छाती फुगली आणि पेटीशी धरून पाहिल्यावर बसली. कार्ड पेटीहून लांब! पेटी परत पाठवली, मोठी मागवली. ती दिवाणखान्यातल्या भिंतीच्या कोनाड्यात मावेना. इतर ठिकाणी माणसं अशा वेळी टेबल विकत घेतात. आमच्याकडे कोनाडा लहान पडला तर भिंत कोरतात. मी लेफ्टेरिसचं ड्रिल उचललं आणि शिरले भिंतीत. मागून गरम हवा निघायला हवी म्हणून आणखी थोडी कोरली, आणखी थोडी कोरली, आणि एकदम ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत गेलं.

"ते भोक कुठे निघालं बघ तरी," लेफ्टेरिस म्हणाला.

"डोंगरात निघालं! कुठे निघणार?"

आता आमच्या गावची एक गंमत. गावाच्या हद्दीत ओपलसाठी खणायला बंदी आहे, घर वाढवायला नाही. त्यामुळे कुणी 'जरा फडताळ करतोय' म्हणालं की अख्खं गाव एक डोळा मिटतं. माझं ड्रिल सगळ्या टेकडीने ऐकलं होतं.

"काय डेस्पिना, फडताळ का?" बेकरीतल्या बाईने विचारलं.

"कॉम्प्युटर ठेवायला कोनाडा!"

रांगेतली माणसं खो खो हसली. "माझ्या मेव्हण्यानेही कॉम्प्युटरसाठीच कोरलं होतं," मागून कुणी म्हणालं. "आता त्याची बोट आहे!"

मी आईची शपथ घेतली. त्यावर तर सगळ्यांची खात्रीच पटली.

पोस्टात येरको भेटला. येरको आमच्या टेकडीच्या पलीकडच्या बाजूला एकटा राहतो. आयुष्यभर ओपल शोधतोय, अजून शोधतोच आहे. माझा हात धरून कुजबुजला, "डेस्पिना, देव दोघांच्याही भिंतीत असतो."

"उन्हात टोपी घालत जा," मी म्हटलं.

शनिवारी कॉम्प्युटर जोडून झाला. बटण दाबलं. पंखे फिरले, पेटी आतून लाल, हिरवी, निळी झाली आणि अंधारा दिवाणखाना उजळला. मला रडू आलं. हो, आलं! माझ्या घरात पहिल्यांदा खिडकी आली होती.

पाम संडेला दुपारी कानाला हेडफोन लावला आणि बसले. माझी गाडी म्हणजे सुटलेला घोडा! फोतिनी कानात ओरडत होती, "चीटिंग! तू चीटिंग करते आहेस!" शेवटचा फेरा आला, मी पुढे होते. तेवढ्यात धप्प धप्प आवाज यायला लागला. मला वाटलं, इंजिनाचा. भारी कार्ड घेतलं की आवाजसुद्धा कसे खरे येतात बघा!

शेवटच्या वळणावर पेटीमागची भिंत कोसळली आणि आतून आरोळी आली, "ओपल! काळं ओपल! लाल आहे, हिरवं आहे, नुसतं पेटलंय! आई गं, सापडलं!"

मी वळले. तेवढ्यात दुसरा घाव आला आणि कुदळीचं टोक पेटीच्या पाठीतून आरपार कार्डात घुसलं. पडदा काळा. दिवे गेले. गाडी गेली. ईस्टर गेला.

भगदाडातून धुळीने माखलेलं डोकं बाहेर आलं. येरको! माझं भोक त्याच्या झोपायच्या खोलीत, बरोबर उशीवर निघालं होतं. कालपासून बिचारा पडल्या पडल्या भिंतीत फिरणारे रंग बघत होता. तो मोडक्या कार्डाकडे बघत राहिला.

"विझलं," तो म्हणाला.

लेफ्टेरिस हसून हसून जमिनीवर बसला. मला कुणाचा गळा आधी धरावा ते कळेना, आणि फोन वाजला. फोतिनी! मी मान ताठ केली. हरले तर हरले, रडणार नाही.

"डेस्पिना," ती हळू आवाजात म्हणाली, "हेडफोनमधून मी ऐकलं सगळं. तू हरलीस, पण ते जाऊ दे. ईस्टर तुझ्याकडेच. कायमचं! आम्ही गुरुवारीच येतो. हे जुनी कुदळ शोधतायत. सहज, मदत म्हणून."

खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं. परत मिटलं.

"बिळात येणार?" मी विचारलं.

"बीळ कोण म्हणालं? किती गार घर आहे गं तुमचं!"

मी एक शब्द खोटा बोललेले नाही. मला कुणी विचारलंच नाही! नवं कार्ड मागवलंय, तेही सगळ्यात मोठं, तेही दिव्यांचं. कोकरू येरको देणार आहे, त्याला पर्याय नाही.

फक्त फोतिनीने ही बातमी 'कुणाला सांगू नका' असं बजावून सगळ्या नातेवाइकांना कळवली आहे. अख्खं खानदान येतंय, ज्याची त्याची कुदळ घेऊन. आणि माझ्या दिवाणखान्याला धड अशा तीनच भिंती उरल्यात.