शलाकाधराची निर्दोष कादंबरी

एका जंगलात, मुलांनो, लेखक फार झाले होते.

इतर जंगलांत माकडे फार होतात, नाही तर रानडुकरे फार होतात, आणि त्यांचा काही ना काही बंदोबस्त करता येतो. लेखकांचा करता येत नाही. ते कोणाचे काही खात नाहीत, फक्त जागा अडवतात.

या जंगलात ओढ्याकाठी जांभळीचे एक जुने झाड होते. त्याच्या दाट सावलीत सपाट, थंडगार शिळा होती. पूर्वीच्या कोणा उदार सिंहाने ती लेखकांसाठी राखून ठेवली होती. लेखक असल्याचा पुरावा मागण्याची पद्धत नव्हती. ‘सध्या लेखन चालू आहे’ एवढे म्हटले की जागा मिळे. शिवाय तेथे बसणाऱ्याला येणारेजाणारे मान लववून नमस्कार करीत.

शिळेवरचा सर्वांत जुना लेखक म्हणजे शलाकाधर नावाचा साळिंदर. त्याची कादंबरी अनेक वर्षे चालू होती. ती त्याच्या मनात चालू होती, आणि तेथे तिला कोणाचाही अडथळा नव्हता. शब्दांच्या बाबतीत तो फार काटेकोर असे. ससा एकदा ‘सुंदर सकाळ’ म्हणाला, तर शलाकाधराने त्याला दुपार होईपर्यंत बसवून घेऊन ‘रम्य’ आणि ‘सुंदर’ यांतला भेद समजावला होता. ससा पुन्हा कधी सकाळी त्या बाजूला फिरकला नाही.

असे सगळे सुरळीत चालले असता एके दुपारी खुद्द सिंह जांभळीखाली वामकुक्षीसाठी आला, आणि त्याला आडवे व्हायला जागा मिळाली नाही.

दुसऱ्याच दिवशी, फाल्गुनी पौर्णिमेला, आज्ञा निघाली. महिनाभरात, म्हणजे चैत्री पौर्णिमेपर्यंत, ज्याची कादंबरी पूर्ण होईल तोच यापुढे शिळेवर बसेल. बाकीच्यांनी पलीकडच्या उघड्या कातळावर बसून उन्हाळा काढावा.

कादंबरी पूर्ण झाली हे ठरवायचे कसे, हेही आज्ञेतच सांगितले होते. कादंबरी वडाच्या पानांवर लिहायची. पानांची चळत पृथुकर्ण हत्तीच्या गुडघ्याला लागली पाहिजे, आणि पृथुकर्णाने ती शेवटपर्यंत वाचली पाहिजे. आता पृथुकर्ण पाने खात असे, हे खरे. पण जंगलात त्यालाच वाचन म्हणत. कारण पहिल्या पानापासून अखेरच्या पानापर्यंत इतक्या निष्ठेने ग्रंथ संपवणारा दुसरा कोणी मिळाला नव्हता.

शलाकाधर बिळात परतला तो खिन्न होऊन.

“मग आता लिहायला बसा,” त्याची बायको कंटकावती म्हणाली.

“लिहिणे आलेच. पण प्रेरणा कोठे आहे?”

“का, तिला काय झाले?”

“ती अजून आलेली नाही.”

“निरोप धाडला होता का?”

असल्या प्रश्नांना शलाकाधर उत्तर देत नसे.

“हे पाहा,” कंटकावती म्हणाली, “तुमची शिळा गेली तर तुम्ही दिवसभर बिळात राहणार. बिळाची लांबी-रुंदी तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही कूस बदललीत की तुमचे काटे माझ्या काट्यांत अडकतात. गेल्या पावसाळ्यात आपल्याला सोडवायला घोरपडीला बोलवावे लागले होते, आणि ती अजून ते घरोघर सांगते आहे. तेव्हा प्रेरणा येवो न येवो, तुम्ही शिळेवर गेलेच पाहिजे.”

शलाकाधराची अडचण खरी होती, मुलांनो. साऱ्या जंगलाच्या लेखण्या त्याच्याच घरून जात. कंटकावती बिळात पडलेले काटे गोळा करी आणि मागेल त्याला देई. पण शलाकाधराचा स्वतःपुरता एक नियम होता. लेखनासाठी काटा उपटायचा नाही, उचलायचा नाही. मनात वाक्य पूर्ण उमटावे आणि त्याच क्षणी मानेवरचा काटा आपोआप गळून समोर पडावा. त्या काट्यानेच लिहायचे. असा योग अद्याप आला नव्हता. वाक्य येई तेव्हा काटा घट्ट असे, आणि काटा गळे तेव्हा शलाकाधर झोपलेला असे.

शेजारच्या घळीत दंतुर नावाचा रानडुक्कर राहत असे. तो कंटकावतीकडून मूठभर काटे घेऊन गेला आणि हिरड्याची शाई करून त्याच दिवशी लिहायला बसला.

“त्याला प्रेरणा मिळाली वाटते,” कंटकावती म्हणाली.

“त्याला लाज नाही,” शलाकाधर म्हणाला. “दोहोंत फरक आहे.”

त्यानेही वडाचे एक पान समोर घेतले. पहिले वाक्य तयारच होते: ‘एका जंगलात एक हरीण होते.’ मग तो विचारात पडला. जंगल म्हणावे, तर मुळात जांगल म्हणजे कोरडा प्रदेश. येथे तर ओढा वाहतो. अरण्य म्हणावे, तर तेथे एकांत हवा. येथे प्रत्येक झुडपामागे कोणीतरी कादंबरी लिहीत बसलेला. वन म्हटले की कोणीतरी वनवासाला येणे भाग. रान म्हटले की लगेच गुरे शिरतात. सायंकाळपर्यंत हरणाला उभे राहायला जागा मिळाली नाही, आणि पान सुकून गेले.

तेव्हा तो मधुरव कोल्ह्याच्या शिबिराला गेला.

मधुरव फुललेल्या पळसाखाली प्रेरणा देत असे. त्याने स्वतः काही लिहिले नव्हते. प्रेरणा देणाराच लिहीत बसला तर लिहिणाऱ्यांनी जावे कोणाकडे, असे त्याचे म्हणणे होते. दक्षिणा म्हणून तो ओढ्यातला खेकडा घेई.

“डोळे मिटा,” मधुरव म्हणाला. “तुमची कादंबरी पूर्ण झाली आहे, असे पाहा. दिसली?”

“दिसली,” सगळे म्हणाले.

“कसे वाटते?”

“बरे वाटते.”

शलाकाधरालाही ती दिसली. इतकी स्पष्ट दिसली, की आता पुन्हा लिहून काढणे त्याला द्विरुक्ती वाटू लागले. तो प्रसन्न मनाने घरी आला आणि आठवडाभर स्वस्थ झोपला.

जागा झाला तेव्हा दंतुराची चळत घळीच्या तोंडातून बाहेर दिसू लागली होती. शलाकाधर पुन्हा पळसाखाली गेला.

“तुमचा काटा गळत नाही, एवढेच ना?” मधुरव म्हणाला. “तुमच्या जातीचे काटे भयाने गळतात, असे ऐकतो. तुम्ही सुखात आहात, म्हणून अडले आहे. कोणाला तरी भ्या.”

“कोणाला भ्यावे?”

“ते मी कसे सांगू? प्रेरणा ज्याची त्याने शोधायची. खेकडा तेथे ठेवा.”

शलाकाधराने विचार केला आणि तो सरळ टेकडीवरच्या बिबट्याकडे गेला. बिबट्या गुहेच्या दाराशी पंजे जोडून बसला होता.

“मला थोडे भय घालता का?” शलाकाधराने विचारले. “वाङ्मयीन काम आहे.”

“आज उपास आहे,” बिबट्या म्हणाला. “आणि खरे सांगू का, मी लिहितो आहे. मध्येच उठलो की सूर तुटतो.”

“आपणही?”

“कादंबरी. एका हरणाच्या पिलाची कथा आहे. ते एकाकी आहे, संवेदनशील आहे, आणि त्याला कोणी समजून घेत नाही. सारे त्याच्याच दृष्टीने सांगितले आहे.”

“पण हरणाचे मन आपल्याला कसे कळणार?”

“त्यासाठी अभ्यास चालू आहे,” बिबट्या म्हणाला. “रोज एक लागते. आजच तेवढा उपास.”

शलाकाधर परतला. त्याच्या अंगावरचा काटा न् काटा ताठ उभा होता, पण एकही गळला नव्हता. भयाने उभे राहिलेले काटे गळतात. मत्सराने उभे राहिलेले घट्ट होतात. हे आजवर कोणी लिहून ठेवले नव्हते. तोही लिहिणार नव्हता.

चैत्र लागला. कातळ तापू लागला. कंटकावतीने एकदा जाऊन त्यावर पाय ठेवून पाहिला आणि चटकन उचलून घेतला. नवरा दुपारी तेथे बसणार नाही, घरीच येणार, याविषयी तिला शंका उरली नाही. त्या दिवसापासून ती रोज वडाखाली जाऊन पाने आणू लागली. शलाकाधर ‘वन’ या शब्दाकडे पुन्हा वळला होता, त्यामुळे त्याचे तिकडे लक्ष गेले नाही.

पौर्णिमेच्या सकाळी त्याने पाहिले, तर बिळाच्या दाराशी ही थोरली चळत.

“हे काय?”

“तुमची कादंबरी.”

“यावर काही लिहिलेले नाही.”

“नाही.”

“ही कोरी पाने आहेत, कंटकावती. ही मी माझी कादंबरी म्हणून नेऊ? मी? ज्याने आयुष्यात एक शब्द चुकीचा लिहिला नाही, त्याने?”

“हिच्यात कोणता शब्द चुकीचा आहे, तो दाखवा.”

शलाकाधराने वरचे पान पाहिले. त्याखालचे पाहिले. शैथिल्य कोठेही नव्हते. पाल्हाळ नव्हता. परकी वाक्यरचना नव्हती, आणि विशेषणांचा सोस तर मुळीच नव्हता. इतके संयत लेखन त्याने या जंगलात पाहिले नव्हते.

“तिसऱ्या पानाला कीड आहे,” तो शेवटी म्हणाला.

“मग काढा ते.”

त्याने ते काढले. मग आणखी काही काढली. दुपारपर्यंत तो तन्मय होऊन बसला होता. या कामाला तो पुनर्लेखन म्हणत होता. कंटकावती मागच्या बाजूने तितकीच नवी पाने सरकवीत होती.

सारे जंगल जांभळीखाली जमले. सिंह शिळेवर ऐसपैस पसरला होता. पृथुकर्णाने आधी बिबट्याची चळत गुडघ्याशी लावून पाहिली, मग खाल्ली. बिबट्या अगदी जवळ उभा होता.

“वास्तव आहे,” पृथुकर्ण घाईघाईने म्हणाला.

मग दंतुर आला. त्याची चळत गुडघ्याच्याही वर जात होती. प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी दाट लिहिलेले होते आणि शाईने काळे झाले होते. त्याच्या नाकाडावरही शाई होती. पृथुकर्णाने पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि सोंड थांबली.

“कडू आहे,” तो म्हणाला.

“दुष्काळाची गोष्ट आहे, महाराज,” दंतुर म्हणाला. “पुढे पाऊस येतो.”

पृथुकर्णाने आणखी एक घास घेतला. मग डोळ्यांत आलेले पाणी झटकून त्याने चळत बाजूला सारली. हिरड्याची शाई जिभेला बसली की कोणालाही पुढे वाचवत नाही. इतरांचेही तसेच झाले. कोणाची कादंबरी पहिल्याच प्रकरणात टाकून दिली गेली, कोणाची नुसती हुंगून.

अखेर शलाकाधराची चळत पुढे आली. तो डोळे मिटून उभा होता. पृथुकर्णाने घास घेतला. कान हलवले. दुसरा घास घेतला. मग तो जो खाली बसला, तो चळत संपेपर्यंत उठला नाही.

“काय भाषा आहे,” तो म्हणाला. “कडवटपणा म्हणून नाही. कोठे अडखळत नाही. संपूच नये असे वाटते. दुसरा भाग आहे का?”

“तूर्त नाही,” शलाकाधर म्हणाला.

अशा रीतीने, मुलांनो, शिळेवर सिंह, बिबट्या आणि शलाकाधर असे तिघेच उरले. ऐसपैस जागा झाली. कंटकावती बिळात पाय ताणून झोपली. बाकीचे लेखक कातळावर गेले, आणि काही दिवसांतच त्यांतल्या बहुतेकांनी लेखन सोडून उपयुक्त कामे धरली. दंतुराने सोडले नाही.

वैशाखातल्या एका दुपारी तो कातळावरून उतरून जांभळीजवळ आला. सावलीच्या कडेशीच थांबला.

“गुरुजी,” तो म्हणाला, “हत्तीमहाराजांनी टाकलेली पाने मी परत नेली होती. त्यांतले एक आणले आहे. आपण वाचाल का? खाऊ नका म्हणजे झाले.”

शलाकाधराने पान घेतले. वर लिहिले होते: ‘आईने सुकलेला झरा नाकाने उकरला आणि आम्हाला म्हणाली, तुम्ही आधी प्या.’

शलाकाधराने ते वाक्य वाचले. पुन्हा वाचले. झऱ्यात पाणी होते की नाही, हे त्यात सांगितले नव्हते. जंगल, अरण्य, वन, रान, कशाचेही नाव नव्हते, आणि तरी त्याला ती जागा दिसली. जन्मभर त्याने ज्या वाक्याची वाट पाहिली होती ते असेच असणार होते, आणि ते नाकाडाला शाई फासून घेणाऱ्या एका रानडुकराने लिहिले होते. ‘उकरला’च्या जागी साऱ्या भाषेत दुसरा शब्द बसणार नाही, हे त्याच्याइतके कोणालाच कळले नसते.

दंतुर उन्हात उभा होता.

“कसे वाटले, गुरुजी?”

शलाकाधराने पान परत केले.

“‘उकरला’ ग्राम्य आहे,” तो म्हणाला. “‘उत्खनन केले’ असे करा.”

“तरीच,” दंतुर म्हणाला. त्याने जीभ लावून तो शब्द पुसला, आभार मानले, आणि तो कातळाकडे निघून गेला.

तात्पर्य : महिनाभर वाट पाहूनही लिहिण्याची प्रेरणा मिळाली नाही, तरी मुलांनो, खचून जाऊ नका. ज्यांना ती मिळते ते उन्हात बसतात.