दुसऱ्याच्या दाराची बेल

उत्तमराव पाटणकरांच्या मोबाईलवर दुसऱ्याचंच दार दिसू लागलं, तेव्हा त्यांनी तक्रार करायला हवी होती. ती केली नाही आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

ठाण्यातलं नौपाड्याचं घर सोडून ते घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये एकटेच राहायला आले होते. बंगळुरूला असणाऱ्या सर्वेशने, त्यांच्या मुलाने, दाराला कॅमेऱ्याची बेल आणि फोनवरून उघडणारं कुलूप बसवून घेतलं. "बाबा, कोण आलंय ते तुम्हाला बसल्या जागी दिसेल," तो म्हणाला. कोण येणार, ते काही बोलला नाही.

पण फोन वाजायला लागला. पडद्यावर झेंडूचं तोरण, चपलांचा ढीग आणि माणसंच माणसं. इस्त्रीवाला, भिशीच्या बायका, बॉल मागायला आलेली पोरं. हे दार आपलं नाही, टॉवरमधल्याच दुसऱ्या कोणाचं तरी आहे, हे उत्तमरावांना पहिल्याच दिवशी कळलं. पण बायको गेल्यापासून इतकी वर्दळ त्यांनी पाहिली नव्हती. ते जेवतानाही फोन समोर ठेवू लागले.

एका दुपारी पडद्यावर घामाघूम म्हातारी आली, हातात सुक्या बोंबलांची पिशवी.

"विनीत, दार उघड रं! मी रंगूआत्या, मोहने गावची!"

घरात कोणी नसावं. उत्तमरावांना राहवेना. त्यांनी बोलायचं बटण दाबलं. "या या, आत्या! केवढ्या उन्हात आलात!"

"तुझा आवाज असा कसा झायला रं?"

"सर्दी झालीय," उत्तमरावांनी ठोकून दिलं आणि कुलूपही उघडलं. "आत बसा. पाणी माठात असेल."

"असेल? तुझ्याच घरान तुला म्हाईत नाय?"

दार बंद करून बसण्याची रंगूबाईंना सवय नव्हती. पाणी पिऊन त्या उंबऱ्यावरच बसल्या आणि बेलशी गप्पा मारू लागल्या. गुडघे, सुनेचं कालवण, गावातल्या रेयॉन कंपनीचे जुने दिवस. उत्तमरावही खुलले. इतक्यात खरा विनीत म्हात्रे दारात उभा राहिला.

"आत्ते, दार कोणी उघडलं? बोलतेस कोणाशी?"

"तुझ्याशीच की!"

पुढे व्हायचं तेच झालं. विनीत 'चोर, चोर' करत सोसायटीच्या ऑफिसात धावला, बेल बसवणाऱ्याला बोलावणं गेलं. दारातल्या गलक्यात पोलिसांचं नाव निघालेलं फोनवर ऐकून उत्तमराव पाय ओढत स्वतःच खाली आले.

"मीच तो," ते म्हणाले. शरमेने त्यांना मान वर करवेना.

बेलवाल्याने दोघांचे फोन तपासले. "दोन्ही घरं एकाच दिवशी केलेली ना सर, जोडताना फोनची अदलाबदल झाली. याची बेल त्याच्या फोनला, त्याची याच्या. पासवर्ड सगळीकडे एक-दोन-तीन-चार. लक्षात राहायला बरा."

"म्हणजे काकांचं दार माझ्याकडे होतं?" विनीत चक्रावला. "अरे, मी तीनदा तक्रार केलेली, बेल खराब आहे म्हणून! एकदाही वाजली नाही!"

"बेल चालूच होती सर. तिकडे..." बेलवाल्याने उत्तमरावांकडे पाहिलं.

"कोणी येत नाही," उत्तमरावांनीच वाक्य पुरं केलं.

विनीतचा राग कुठल्या कुठे गेला. बेलवाल्याने घाईघाईने विषय बदलला. "आता दोघांचेही पासवर्ड असे टाकतो, की कोणाच्या बापाला शिरता येणार नाही."

"यांचा टाका," उत्तमराव म्हणाले. "माझा राहू दे आहे तोच. शिरलंच कोणी, तर शिरू दे."