इमर्जन्सीतल्या ‘इ’चा सत्कार

एका जंगलात एकच इंग्रजी शब्द होता. तेवढा पुरत होता.

तुम्ही म्हणाल, जंगलाला इंग्रजी हवंच कशाला? मुलांनो, मध्ये बोलू नका, सांगतो. त्या जंगलातल्या वाघाला मराठी उत्तम यायचं. “वाघ आला, नाल्याकडे पळा!” असं कोणी ओरडलं, की वाघ आधीच नाल्यात जाऊन बसायचा. म्हणून सगळ्यांनी ठरवलं, धोक्याची हाक वाघाला न कळणाऱ्या भाषेत द्यायची.

शब्द पोपटाने दिला. हा पोपट शहरातल्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात तीन वर्षं पिंजऱ्यात राहून आलेला. त्यामुळे जंगलात तो इंग्रजीचा तज्ज्ञ समजला जाई. शब्द होता ‘इमर्जन्सी’.

“मग तुम्हीच का ओरडत नाही?” एका बेडकाने विचारलं.

“तज्ज्ञ ओरडत नसतात,” पोपट म्हणाला.

एवढा लांब शब्द एकट्याच्या घशात मावेना. मग चौघांनी तो वाटून घेतला. टेकडीवर रांगेत उभं राहायचं. आधी माकड “इ” करायचं. मग गवा “मर्” म्हणायचा, भुंगा “जन्” करायचा आणि धामण “सी” करून शब्द मिटवायची.

टेकडीखाली पाणवठ्याशी गोदी नावाची सशीण राहायची. तिला सहा पोरं, आणि सहाही वेंधळी. तिने त्यांच्याकडून एक धडा घोकून घेतला होता. “इ” ऐकलं की मान वर करायची. “मर्” ऐकलं की पाणी सोडायचं. “जन्” ऐकलं की पळायचं, आणि “सी” ऐकलं की बिळात. तिकडे शब्द संपायचा आणि इकडे सहावं शेपूट बिळात जायचं.

वर्षभर कोणी मेलं नाही. वाघाच्या बरगड्या दिसू लागल्या.

सगळं सुरळीत चाललं की काहींना चैन पडत नाही. “या चौघांचं काहीतरी केलं पाहिजे,” असं जो तो म्हणू लागला. सत्कार करायचं ठरलं. चौघांचा एकदम उरकला तर पुढे काय करायचं? म्हणून आधी पहिल्याचा, म्हणजे माकडाचा. सागाच्या पानाची शाल झाली. नारळ नव्हता, म्हणून कवठ दिलं. टेकडीवरच्या सपाट दगडावर त्याला बसवलं आणि पाच जणांनी भाषणं केली.

दुसऱ्याच दिवशी वाघ आला. टेकडीवरून आवाज आला, “मर्जन्सी!”

गोदीच्या पोरांनी मान वर केलीच नाही. “मर्” ऐकलं तसं पाणी सोडलं, “जन्” ऐकलं तशी पळाली, ती खाली घातलेल्या मानेनेच. दोघं बाभळीवर आपटली.

गोदी तरातरा टेकडी चढली. माकड दगडावर बसलं होतं.

“आबा, आज तुम्ही ओरडला नाहीत?”

“गोदे, सत्कार झालेल्याने ओरडायचं? शोभतं का?”

“मग रांगेतून बाजूला तरी व्हा. दुसरं कोणी ओरडेल.”

“बाजूला कसा होऊ? शब्दात पहिला मान माझा आहे.”

गोदी पोपटाकडे गेली. म्हणाली, “गुरुजी, शब्दाचं तोंडच गेलं हो!”

पोपट प्रसन्न झाला. “अगं, आता कुठे ते अस्सल इंग्रजी झालं. सुरीला इंग्रज नाइफ म्हणतात ना? लिहिताना तिच्या पुढे एक के बसलेला असतो. पूर्वी तो बोलायचा. आता नुसता बसतो, आणि सगळी विलायत त्याला मान देते. आपली बस घे. ती पूर्वी ओम्निबस होती. टेलिफोनचा फोन झाला. कोणाचं काही अडलं?”

“माझ्या पोरांना टेंगळं आली!”

“भाषा अशीच वाढते,” पोपट म्हणाला.

आता रांगेत पुढे गवा होता. पहिला असून सत्कार नाही, म्हणून तो फुरफुरू लागला. त्यालाही शाल घातली. तोही दगडावर जाऊन बसला. हाक राहिली “जन्सी”. पोरं आता पाणी तोंडात घेऊनच पळायची आणि ठसका लागून वाटेत थांबायची. मग भुंग्याने हट्ट धरला. त्याला शाल म्हणून चिंचेचं एक पान पुरलं. त्या आठवड्यात गोदीच्या शेपटीचा गोंडा वाघाच्या पंजात राहिला.

उरली धामण. ती बिचारी जीव तोडून “सी” करायची. पण धामण एरवीही तेच करते, म्हणून कोणी ढुंकून पाहीना.

“मावशी, तू तरी थांबू नकोस,” गोदी रडकुंडीला येऊन म्हणाली.

“मी कुठं थांबतेय गं? पण आता पहिली मीच ना? त्यांनी कार्यक्रम ठरवून टाकला. नाही कसं म्हणू?”

कार्यक्रमाला अख्खं जंगल लोटलं. गोदी नाइलाजाने आली, कारण पोरांना घरी एकटं ठेवायची तिची छाती नव्हती. चौघे सत्कारमूर्ती दगडावर दाटीवाटीने बसले होते. पोपटाने घसा साफ केला. आणि सभेच्या मागून वाघ आला.

वाघ सगळ्यांना दिसला. पण ओरडायचं कोणी? माकडाने गव्याकडे पाहिलं. गव्याने भुंग्याकडे. भुंग्याने धामणीकडे. धामणीच्या अंगावर नुकतीच शाल पडली होती.

वाघ गोदीच्या धाकट्यापाशी येऊन थांबला. पळायला जागा नव्हती आणि ओरडायला शब्द नव्हता. ती टुणकन उडी मारून दगडावर चढली, धामणीच्या अंगावरची शाल ओढली आणि ओरडली, “अध्यक्ष आले! उठा सगळे!”

सवयच ती. अख्खं जंगल उभं राहिलं.

वाघ चपापला. आजवर त्याला पाहून सगळे पळाले होते. उठून उभं कोणीच राहिलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

“माझा सत्कार?” तो म्हणाला. “मी काय केलंय?”

“सत्काराला काही करावं लागत नाही,” गोदी म्हणाली. तिने हातातली शाल त्याच्या अंगावर टाकली आणि धामणीचं कवठ त्याच्या पंजात ठेवलं.

चौघांनी सरकून त्याला पहिली जागा दिली. अकरा भाषणं झाली. बाराव्याला वाघाला कडकडून भूक लागली आणि तो उठू लागला. तेव्हा माकडच त्याला हळूच म्हणालं, “सत्कार झालेल्याने शिकार करायची? शोभतं का?”

वाघ खाली बसला.

अजून तिथेच आहे. कवठं खातो. आंबट लागतात म्हणे, पण मानाची आहेत. गोदीची पोरं पोटभर पाणी पितात आणि जाताना त्याला नमस्कार करतात.

तात्पर्य : संकट आलं की आरडाओरडा करू नये. त्याला शाल घालून पहिल्या जागेवर बसवावं. पुढचं काम ती जागा करते.