दोन सीटच्या मोटारीचा तांबडा रंग

"माझी नजर ही नजर नव्हे, कोंडीबा, ते सुताराचं गिरमिट आहे. कपाळाला टेकवायचं की माणूस आरपार. असा माणूस साताऱ्यात एक, पुण्यात एकही नाही, आणि मुंबईत होता तो वारला."

गुप्तहेर दादासो रणनवरे हे तिसऱ्या वर्गाच्या डब्यात, टाकारी स्टेशनाच्या अलीकडे सांगत होते. ऐकणाऱ्या कोंडीबाच्या मांडीवर त्यांची ट्रंक होती, ट्रंकेवर छत्री होती आणि छत्रीवर केळ्याची साल होती. हाताशी उघडी खिडकी होती, पण ती गिरमिटाला दिसली नव्हती.

दादासो पूर्वी एका जकातनाक्यावर कारकून होते. गाडीत काय दडवलंय हे ओळखायचं त्यांचं काम. ते इतकं खोल विचार करून ओळखत की तोवर गाडी बाजार करून परत जात असे. नाक्यानं त्यांना हात जोडले, तेव्हा त्यांनी पाटी रंगवून घेतली. कोंडीबा मॅट्रिकला दोनदा बसला आणि दोनदा तसाच उठला, म्हणून त्या पाटीखाली येऊन बसला. तीन वर्षांत तीन तपास झाले. कोंबडा खाल्ला गेला होता, जावई आपण होऊन घरी आला, आणि छत्री दादासोंच्याच हातात होती.

आज मात्र तपास नव्हता. आज बैलांचा बेंदूर होता. कोंडीबाची थोरली बहीण राहीबाई बोरवडीला दिली होती. सणाला भावानं यावं आणि साहेबांनाही आणावं, असा तिचा निरोप होता. साहेबांनी निरोपातलं पुरणपोळी एवढंच ऐकलं आणि ट्रंक भरली.

बोरवडीत पाऊल टाकलं तर गाव नटून बसलेलं. बैलांच्या पाठीवर झुली, गळ्यात घुंगरमाळा, शिंगांना तांबडा रंग आणि वर बेगडाच्या चकत्या. पाण्यात कालवलेल्या हिंगुळानं माणसांचे हात मनगटापर्यंत रंगलेले. आषाढातली भुरभुर अंगावर घेत बैल असे उभे होते, जशा काही वरमाया.

राहीबाईच्या घरात मात्र सुतक पडल्यासारखं होतं. तिचा नवरा कृष्णात गोठ्याच्या दारात डोकं धरून बसला होता.

"दाजी, काय झालं?" कोंडीबानं विचारलं.

"रंग गेला," कृष्णात म्हणाला. "डब्यासकट गेला."

कृष्णात लढाईत पाच वर्षं पलटणीच्या मोटारखान्यात होता. परत आला तो शेचाळीस साली, आणि एकटा आला नाही. पुण्याच्या कँपात विलायतेला निघालेल्या एका कप्तानानं त्याला आपली दोन सीटची शर्यतीची मोटार देऊन टाकली. मोटार म्हणजे काय, ताडपत्रीखाली मोटारीची हाडं होती. टाकारी स्टेशनापासून घरापर्यंत ती हौश्या आणि नवश्या या बैलांनी ओढत आणली. तेव्हापासून बाप नाथाजी मुलाशी बोलत नव्हता. जे सांगायचं ते तो बैलांना सांगे.

"नवश्या," तो वैरण टाकताना म्हणे, "तुज्या शेजारी बांधलीया तिला इच्यार, खाती किती आन ओढती किती. दोन मानसं बसत्यात, पोतं बसत न्हाई. आसलं जित्राब कुनी पोसावं रं?"

कृष्णात ऐकून घेई आणि काम करी. आतली लाकडी चौकट वाळवीनं खाल्ली होती. ती त्यानं बाभळीची बसवली. फुटक्या पत्र्याच्या जागी पलटणीचे पेट्रोलचे डबे चिरून, ठोकून, मांडीवर घेऊन वळण दिलं. कार्बुरेटरचं भोक स्टोव्हच्या पिनेनं मोकळं केलं. पुढची काच आडवी पडेल अशी केली, मागचे मडगार्ड कापून आखूड केले. गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा गल्लीतल्या कोंबड्या दोन दिवस अंडं द्यायला विसरल्या. आणि राहीबाई पहाटे जात्यावर बसली की घरभर ऐकू जाईल अशा बेतानं ओवी सोडी:

सवत आणली बाई, तिला चाकं चार चार
मला पाटा नि वरवंटा, तिला नवा शिणगार

रंगाचे दोन डबे कृष्णातनं पुण्याहून आणले होते. लढाईनंतर असा रंग दिसणं म्हणजे देव दिसणं. एका डब्यात डावी बाजू आणि पाठ झाली. उजवी बाजू आणि बॉनेट अस्तराच्या राखी रंगात थांबली होती. आज हात मारायचा, उद्या वाळवायचा आणि परवा सकाळी गाडी सांगलीला विश्रामबागेत न्यायची. तिथं नानासोंचा मोटारदुरुस्तीचा कारखाना होता. नानासो म्हणाले होते, "गाडी पुरी करून, स्वतः चालवत दारात आण. हेडमिस्त्रीची जागा तुजी. आर्दवट कामाचा मानूस मला नको." ही जागा हुकली तर नांगर होताच. त्याचा फाळ नाथाजीनं आधीच पाजवून ठेवला होता.

"घाबरू नकोस," दादासो म्हणाले. त्यांनी खिशातून घड्याळजीचं भिंग काढून डोळ्यात बसवलं. ते पडलं. कोंडीबानं ते शेणातून काढून पुसून दिलं. दादासोंनी ते परत बसवलं आणि गोठ्यात शिरले. अंगात पांढरा ड्रिलचा कोट होता. तो ते तपासासाठीच धुवून घेत.

नाथाजीनं पाहुण्याला बसायला काहीतरी पालथं घालून वर पोतं टाकलं आणि तो मिरवणुकीच्या तयारीला बाहेर निघून गेला. दादासो त्यावर बसले. मागं हौश्या रवंथ करत उभा होता.

"आता ऐका. चोर गोठ्यातून आला. गोठ्यातूनच गेला. म्हणजे त्याला गोठा माहीत होता. म्हणजे चोर शेतकरी आहे, किंवा गुरं आहेत."

"गावात समदेच शेतकरी हायती," कृष्णात म्हणाला.

"म्हणूनच मी त्यांना वगळतो. जे सगळ्यांना लागू आहे ते पुराव्यात धरत नाहीत." त्यांचं भिंग फिरत फिरत दस्तगीरवर थांबलं.

दस्तगीर हा गावचा खोगीर शिवणारा. कृष्णातच्या गाडीच्या दोन गाद्या त्यानं घोड्याच्या खोगिरासारख्या शिवल्या होत्या, भरदार आणि दुहेरी टाक्याच्या. आत्ता तो गोठ्यातच उभ्या असलेल्या गाडीत बसून शेवटची कड ओवत होता.

"तुम्ही काल किती वाजता गेलात?"

"दिवस मावळताना."

"घाईत?"

"भूक लागली व्हती."

"कोंडीबा, लिहून घे. भूक. आणि रंग कुठं नेलात?"

दस्तगीरनं आरी खाली ठेवली. "रंग चोरून मी काय करू, साहेब? घोड्याला लावू? लढाईत घोडीबी पळाली माज्या गिऱ्हाइकांची. कृष्णात, तुजं पाव्हणं मला चोर म्हनत्यात. मग गादीचं ऱ्हायलेलं टाकं त्येंच्याकडनंच घालून घे."

तो हत्यारं गुंडाळू लागला. कृष्णात मधे आडवा झाला. "चाचा, त्येंचं मनावर घिऊ नका. त्ये आमच्या मेव्हण्याचं साहेब हायती, आमचं न्हाईत." बरीच आर्जवं झाल्यावर दस्तगीर परत बसला. पण पुढचा प्रत्येक टाका त्यानं दादासोंकडे बघत घातला, आणि कोंडीबाला ती सुई कुणाच्या अंगात शिरतेय ते स्पष्ट दिसत होतं.

दादासो डगमगले नाहीत. खोटी दिशा सापडली की खरी जवळ येते, असं ते म्हणत. त्यांच्या खोट्या दिशा मोजायला होकायंत्र पुरलं नसतं. आता त्यांना कप्तानाचा संशय आला. मोटार देऊन त्याला पस्तावा झाला असणार, आणि मोटार परत मागायची लाज वाटून त्यानं निदान रंग तरी परत न्यायला हेर धाडला असणार.

"विलायतेहून?" कोंडीबानं विचारलं.

"साम्राज्याचे हात लांब असतात."

"आवं, पन रंग पुण्यातल्या दुकानातला हाय."

"म्हणजे दुकानदारही सामील." त्यांनी मान डोलावली. हौश्यानं त्याच वेळी मान खाजवायला त्यांच्या पाठीवर डोकं घासलं. दादासोंना वाटलं कुणी शाबासकी दिली. ते आणखी खुलले.

त्यांनी गाडीच्या रेडिएटरात नाक घालून वास घेतला. गाडीनंच रंग प्याला असण्याची शक्यता त्यांनी पाच मिनिटं गंभीरपणे चघळली. मग राहीबाईला बोलावलं.

"बाई, तुम्ही या मोटारीला सवत म्हणता?"

"म्हनते की."

"सवतीचा शृंगार कुठल्या बाईला बघवतो?"

राहीबाईच्या एका हातात पुरणाची पळी होती. तिनं ती दुसऱ्या हातात घेतली. "साहेब, सवत परवा सांगलीला गेली तर मीबी सांगलीला जानार. पान्याचा नळ हाय म्हनं तिथं. माज्याच पायावर धोंडा मी का मारून घिऊ? कोंड्या, ह्यास्नी सातार्‍यात कामं देनारं लोक कसं दिसत्यात रं?"

"दिसत न्हाईत, आक्का," कोंडीबा म्हणाला.

आता दादासोंनी शेवटचा डाव काढला. ते उभे राहिले. "चोरी करताना डबा हिंदकळतो. रंग अंगावर सांडतो. ज्याच्या अंगाला तांबडा रंग, तो चोर. कोंडीबा, गावातल्या प्रत्येकाचे हात तपास."

कोंडीबा बाहेर जाऊन आला.

"किती सापडले?"

"समदे."

"म्हणजे?"

"बेंदूर हाय, साहेब. तान्ह्या पोरांचंबी हात तांबडं हायती. चावडीवरचा पोलिसपाटीलबी रंगलाय."

दादासोंनी बराच वेळ डोळे मिटले. "फार मोठी टोळी दिसते," ते म्हणाले.

कृष्णातनं भिंतीला डोकं टेकवलं. दुपार कलली होती. बाहेर मिरवणूक निघाली, हलगी कडाडली. नाथाजी हौश्या-नवश्याला घेऊन गेला आणि मिरवून परत आणून त्यानं त्यांना दाव्याला बांधलं. दादासो दारात उभे राहून तोंड भरून बोलले की काय झळाळी आहे शिंगांना, साताऱ्यात अशी पाहिली नाही. मग ते जेवायला वळले, तेव्हा राहीबाईला त्यांची पाठ दिसली. पांढऱ्या कोटावर खांद्यापासून कमरेपर्यंत तांबडा पट्टा.

"काढा त्यो कोट. हिंगूळ पान्यानं जाईल," ती म्हणाली. पाहुणा कसलाही असला तरी आपल्या दारातून डागाळलेला जाऊ नये एवढंच तिच्या मनात होतं.

तिनं कोट पाण्यात बुचकळला, चोळला. डाग हलला नाही. साबण लावला. डाग उलट चमकला. मग तिनं तो नाकाशी नेला, आणि आत जाऊन कंदिलातलं रॉकेल चिंधीवर घेऊन आली. रॉकेलनं डाग सुटला. कोट तसाच हातात धरून ती गोठ्यात गेली आणि हौश्याच्या शिंगावरून बोट फिरवलं. बोट चिकटलं.

"मामंजी," तिनं सासऱ्याला विचारलं, "यंदा हिंगूळ कुठनं आनला?"

"बाजारात हिंगूळ थोडाच आल्ता, मी जाईस्तवर सपला," नाथाजी म्हणाला. "लढाईपास्नं कुटं काय मिळतंय? हितं वळचणीला डबा व्हता. बैलाच्या गोठ्यात, बेंदराच्या दिशी, तांबडा रंग. आनकी कुनाचा आसनार? पोरानं आनून ठेवला आसंल, तोंडानं सांगाय लाजला आसंल, म्हनलं. लय ग्वाड वाटलं मला. लावला."

"समदा?"

"हौश्या-नवश्याला लावून उरला. मग गल्लीतल्या बारा बैलांना दिला. म्हनलं, आमच्या किस्नाचा हाय, लावा."

सकाळपासून गावभर शर्यतीच्या मोटारीचा रंग शिंगांवर मिरवत होता आणि सगळीच शिंगं तांबडी म्हणून कुणी वळून बघितलं नव्हतं.

"आणि डबा?" दादासोंनी विचारलं.

"त्यो तुमच्या बुडाखाली व्हता की सकाळधरनं."

कोंडीबानं वही उघडली आणि दादासोंच्या नियमाप्रमाणे अंगाला रंग सापडलेल्या माणसाचं नाव लिहायचं का, असं अदबीनं विचारलं. दादासो म्हणाले की आपण मुद्दामच पाठ पुढे केली होती. पाठ पुढे कशी करतात हे विचारायची कुणाला ताकद राहिली नव्हती.

नाथाजी मुलाकडे बघत होता. कृष्णातला रागावता येईना. बापानं वर्षभरात पहिल्यांदा त्याचं नाव अभिमानानं घेतलं होतं, आणि तेही त्याचं नशीब रंगवून संपवताना.

"शिंगावरनं निघाला आसता तर खरडून दिला आसता," नाथाजी थेट त्यालाच म्हणाला. "आता ऱ्हाऊ दे. परवा मी येतो. म्या लावला, नानासोस्नी म्याच सांगतो."

तिसऱ्या दिवशी सकाळी दादासोंनी आपली ट्रंक गाडीच्या दुसऱ्या सीटवर ठेवली होती. सांगली बघून जावं असा त्यांचा विचार होता. नाथाजीनं ट्रंक उचलून खाली ठेवली आणि स्वतः फेटा सावरत बसला. उजव्या दाराची कडी अजून बसायची होती. ते धरून ठेवायला माणूस हवा, म्हणून कोंडीबा गाद्यांच्या मागच्या फटीत गुडघे कानाला लावून शिरला. दादासो स्वतःची ट्रंक स्वतः उचलून टाकारीकडे चालू लागले. तीन वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं, पण त्यांच्या टिपणवहीत त्याची नोंद नाही.

विश्रामबागेत नानासो दारातच उभे होते. त्यांनी गाडीला एक फेरी घातली. डावीकडून तांबडी होती. उजवीकडे आल्यावर ते थांबले.

"किस्ना, मी काय म्हनलो हुतो?"

"पुरी करून आन म्हनला हुता."

"ही आर्दी हाय."

"उरलेला रंग म्या बैलास्नी लावला," नाथाजी खाली उतरत म्हणाला. "चौदा बैलं रंगली. पोराचा दोष न्हाई. काम त्येनं पुरं केलं हुतं, म्या इस्कटलं."

नानासोंनी दोघांकडे बघितलं. मग बॉनेट उघडायला लावलं, इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि कान देऊन उभे राहिले. बाभळीच्या चौकटीवर टिचकी मारली. दस्तगीरच्या गादीवर तळहात दाबून बघितला.

"वाटंत किती डाव थांबली?" त्यांनी विचारलं.

कृष्णातच्या आधी नाथाजी म्हणाला, "दोनदा."

"का?"

"मीच थांबीवली. पैल्यांदा भ्या वाटलं म्हनून. दुसऱ्यांदा पलूसला, पाव्हण्यांच्या दारात. त्येंनी मला हिच्यात बसलेला बगावं म्हनून."

नानासो हसले नाहीत, पण त्यांनी बॉनेट हळूच, पाखराच्या पंखावर हात ठेवावा तसं मिटलं. "सोमवारपास्नं ये," ते कृष्णातला म्हणाले. "रंग हितं मारू. आन ह्यो मागं दुमडून कोन बसलाय?"

सातार्‍यात असं कुणी विचारलं की कोंडीबा दादासोंचं नाव, पाटी आणि हुद्दा एका दमात सांगत असे. त्यानं दार सोडलं, पाय मोकळे केले आणि फटीतून वर आला.

"मी राहीबाईचा भाऊ," तो म्हणाला.