सिरिलची दाढी आणि माझं निशाण

मिनीबसमध्ये माणसं चौदा, ढोल एक, झेंडे तीन, पोर्क-पाई सव्वीस आणि दाढी एक. निघताना पाई सव्वीस होत्या. पहिला चौक येईपर्यंत एकोणीस उरल्या. दाढीची लांबी साडेतीस सेंटिमीटर, उजवीकडे आणि डावीकडे सारखीच. मी स्टीलच्या पट्टीने मोजली होती.

दाढी सिरिल ऑगडन यांची. वय बहात्तर, जन्म छपरं दुरुस्त करण्यात गेला. दोन वर्षांपूर्वी आमचा फुटबॉल संघ हेदरक्लफ टाउन परगावी सलग तीनदा हरला, तेव्हा सिरिल पबमध्ये उभे राहून म्हणाले, "परगावी जिंकेपर्यंत दाढीला हात लावणार नाही." त्यांच्या मते प्रश्न दोन आठवड्यांचा होता. त्यानंतर एकेचाळीस सामने झाले. घरच्या मैदानावर आम्ही जिंकायचो, पण ते नवसात बसत नव्हतं.

आता त्यांच्या नातीचं, लॉटीचं, लग्न पुढच्या शनिवारी. वडील नाहीत, म्हणून चर्चमध्ये तिचा हात धरून आजोबांनी चालायचं. तिने एकच अट घातली होती: "ही दाढी घेऊन माझ्याबरोबर चालायचं नाही." आणि मार्लबीतला हा सामना हंगामातला शेवटचा होता.

"काळजी सोडा," मी बसमध्ये सगळ्यांना सांगितलं. "मी गणित केलंय. मार्लबी घरच्या मैदानावर सलग सहा हरलेत. आपल्या जिंकण्याची शक्यता बासष्ट टक्के."

"आणि उरलेले अडतीस?" सिरिलनी विचारलं.

"त्यांचा विचार आज करायचा नाही."

"ऐकलंत? विद्यापीठात हेच शिकवतात," गाडी चालवणारी मॉरीन म्हणाली. मॉरीनचं गावात केस कापायचं दुकान आहे. तिच्या पिशवीत चार्ज केलेलं मशीन होतं. शेवटची शिट्टी वाजली की मैदानावरच दाढी उतरवायची, असं ठरलं होतं.

मार्लबीचं मैदान म्हणजे तीन बाजूंना लोखंडी कठडा आणि चौथ्या बाजूला गाई. आम्ही चहाच्या टपरीपुढे रांग लावतोय तोच कर्ण्यावरून आवाज आला. एका लाइन्समनच्या पोटरीत गोळा आला होता. मैदानात पंचगिरीची परीक्षा पास झालेलं कोणी असेल तर पुढे यावं, नाहीतर निशाण मार्लबीचे सेक्रेटरी हातात घेतील.

तेरा डोकी माझ्याकडे वळली.

चूक माझीच. ऑफसाइड हा भूमितीचा प्रश्न आहे, असं पबमध्ये सांगताना मी परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाल्याचंही सांगून बसले होते.

"जा, ब्रायनी," मॉरीनने माझा मफलर ओढून घेतला. "आपलं माणूस रेषेवर. याला म्हणतात देव पावणं."

"मी आपलं माणूस म्हणून नाही जाणार. जे दिसेल ते दाखवणार."

"हो गं बाई, तेच," असं म्हणून तिने डोळा मारला.

पंचांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोणाच्या बाजूची?"

"हेदरक्लफ."

"बरं झालं खरं बोललीस. बॉल बाहेर गेला की निशाण, ऑफसाइड दिसला की निशाण. बाकी तोंड बंद."

लाइन्समन मैदानाच्या एकाच अर्ध्या भागात पळतो. पूर्वार्धात माझ्या भागात मार्लबी हल्ले करत होतं. मी त्यांना तीनदा ऑफसाइड दिलं आणि तिन्ही वेळा पलीकडच्या टोकाला आमचा ढोल लग्नातल्यासारखा वाजला. माझ्या मागे कठड्याला टेकलेल्या कुत्रेवाल्या आजीबाई म्हणाल्या, "पोरी, चष्मा घरी राहिला का?"

"तीनही बरोबर होते, आजी."

"माझा नवराही असंच म्हणायचा."

मध्यंतराला गोल शून्य-शून्य. आणि इथे आमच्या लोकांची जुनी खोड आडवी आली. आपला संघ ज्या गोलवर हल्ला करणार, त्याच्या मागे जाऊन उभं राहायचं. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, त्यामुळे ढोल, झेंडे, पाई सगळं उचलून वरात मैदानाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला जाते. म्हणजे माझ्या टोकाला. आता मी आमच्याच पोरांवर नजर ठेवणार होते, आणि कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ, माझ्यापासून हाताच्या अंतरावर, सिरिल दाढी मुठीत धरून उभे होते.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "मला काही म्हणायचं नाही."

"बरं."

"लॉटी आईवर गेलीय. शब्दाची पक्की. एवढंच."

सत्तर मिनिटं झाली. ऐंशी झाली. मॉरीनने मशीन पिशवीतून काढून, चालतंय ना, ते पाहिलं. कुत्रं भुंकलं.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला आमच्या लीऑनकडे मधून बॉल आला. लीऑन आठवडाभर नळ दुरुस्त करतो आणि शनिवारी गोल चुकवतो. या वेळी नाही चुकवला. जाळी हलली. ढोल फुटतो की काय असं वाटलं. तेरा माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. "उतरव, मॉरीन, उतरव!" सिरिल ओरडले आणि गाल पुढे केला. मॉरीनला तीस वर्षांचा अनुभव. कानापासून हनुवटीपर्यंत एकच फेरी, आणि मेंढीची लोकर उतरावी तशी डावी बाजू अख्खी गवतावर.

मग ढोल थांबला.

मॉरीनने मान वळवून पाहिलं. माझा निशाणाचा हात वर होता. लीऑनकडे पास मारला गेला त्याच क्षणी तो वर गेला होता. शेवटच्या बचाववाल्यापेक्षा लीऑनचा गुडघा पुढे होता.

"ब्रायनी," मॉरीन म्हणाली, "तो हात खाली घे."

पंचांनी शिट्टी फुंकली. गोल रद्द. मागून आजीबाई म्हणाल्या, "चष्मा सापडला वाटतं."

उरलेल्या मिनिटांत काहीच झालं नाही. सामना शून्य-शून्य. मॉरीन मशीन घेऊन पुढे आली. "आता उरलेली काढूनच टाकू. कोण बघतंय?"

सिरिल एक पाऊल मागे सरले. "जिंकलो का?"

"नाही."

"मग हात लावायचा नाही. डावी चुकून गेली. उजवी शब्दाची आहे."

परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. फक्त ढोल ठेवला होता. अर्ध्या तासाने सिरिल उठले, ढोल मांडीवर घेऊन बसले. माझ्या बाजूला त्यांचा गुळगुळीत गाल होता.

"खरंच ऑफसाइड होता?"

"वीस सेंटिमीटर."

"मोजलंस?"

"डोळ्यांनी."

"मग ठीक," ते म्हणाले आणि शेवटची पाई मोडून अर्धी मला दिली.

लॉटीला फोन मीच केला. सगळं क्रमाने सांगितलं, गुडघ्यासकट.

"कुठली बाजू गेली म्हणालीस?" तिने विचारलं.

"डावी."

"मग मी त्यांच्या डावीकडून चालते. दाढी मला दिसणार नाही."

शनिवारी चर्चच्या दारात, वाद्य सुरू होण्याआधी, सिरिलनी मान वर केली आणि मी पट्टी लावली. उजवी बाजू: तीस सेंटिमीटर आठ मिलिमीटर. डावी: तीन मिलिमीटर.