हवालदारकाकांची शिट्टी

दिघीतल्या आमच्या सोसायटीत कुणी गाडी रिव्हर्सला टाकली, की तळमजल्यावरचं दार उघडतं आणि हवालदारकाका बनियनवरच शिट्टी फुंकत बाहेर येतात. जेवत असले तर हातातला घास ताटात टाकून येतात. "आने दो... आने दो... बस!" एवढं होईपर्यंत गाडीवाल्याची सुटका नाही.

माझ्या नव्या गाडीचा मागचा कॅमेरा मी त्यांना मोठ्या कौतुकानं दाखवला. "यंत्राला काय जीव हाय का? मागं मानूस पायजे," म्हणाले आणि मागे जाऊन उभे राहिले. वाकडहून आलेल्या एका कॅबवाल्याला ते वॉचमन वाटले. त्यानं दहाची नोट पुढे केली. काकांनी ती त्याच्याच खिशात कोंबली आणि गाडी बाहेर काढून पुन्हा मागे घ्यायला लावली. पहिल्या खेपेला चाक तिरकं राहिलं होतं म्हणे.

चाकणजवळच्या खेड्यातून फौजेत गेलेला हा माणूस तिथे ट्रक चालवायचा. लढाईही पाहिलेली. पण लढाईचं नाव काढलं की काका इंजिन ऑइलवर यायचे आणि तिथून हलायचे नाहीत. माझी लेक सायली माणच्या आयटी पार्कात नोकरीला आहे. सुट्टीच्या दिवशी दोन मित्रांना घेऊन म्हाताऱ्या सैनिकांच्या आठवणी रेकॉर्ड करत हिंडते. तिला मी बजावलं होतं, की इथे काही मिळणार नाही. तरी ती गेलीच. काकू म्हणाल्या, "काय घ्यायचं ते बिगीनं घे बाई. हल्ली इसरत्यात. परवा नातवाला भावाच्या नावानं हाक मारली."

आणि काका चक्क तयार झाले. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत ताठ बसले. अट एकच, "मदी बंद करायचं न्हाई." मीही कोपऱ्यात जाऊन बसलो. सुरुवातीचा बराच वेळ बर्फात चाकाला साखळी कशी बांधतात यावर गेला. एका मित्रानं जांभई गिळली. शेवटी सायलीच म्हणाली, "काका, आणि लढाई?"

"धुकं हुतं," काका म्हणाले. "ट्रक मागं घेत हुतो, आरशात काय दिसंना. ट्रकात दारूगोळा, खाली दरी. आशा वक्ताला जोडीदार मागं हुबा ऱ्हातो, शिट्टी वाजवत. शिट्टी थांबली की डायवरनं ब्रेक मारायचा. माझा जोडीदार गनपत, पाटनकडचा. तोफा चालू हुत्या. शिट्टी थांबली. मी ब्रेक मारला."

काकांनी शर्टाची बाही सारखी केली.

"मला वाटलं, बिडी पेटवतोय. मी वरडलो, झोपला काय रं गाढवा? शेवटचं त्येवढंच बोललो त्याच्याशी. उतरून बघितलं तर..." त्यांनी हातानं नुसती जमीन दाखवली. "मागचं चाक कडंला हुतं. शिट्टी थांबल्यावर हातभर जरी मागं घेतला आसता, तर मी बी गेलो आसतो."

सायलीचे डोळे भरले होते. ती सगळ्यांना विचारते तोच प्रश्न तिनं विचारला, "कसे दिसायचे ते?"

"उंच..." काका म्हणाले आणि मान हलवली. "न्हाई, त्यो दुसरा." त्यांची बोटं स्वतःच्या ओठांवर फिरली. गणपतला मिशी होती का, ते शोधत असावेत. मला ते बघवेना.

"फोटो आहे का कुठं?" मी विचारलं.

"कवा काढलाच न्हाई. गेल्या दिवाळीपतूर दिसायचा मला. डोळं मिटलं की हजर. आता येत न्हाई. म्हनून तर बसलो पोरांम्होरं. म्हनलं, बोलता बोलता यील."

मित्राचा हात मशीनकडे गेला. काका एकदम घाबरले.

"बंद करू नगं रं, पोरा. जरा थांब. यील त्यो."

पुढे बराच वेळ त्या रेकॉर्डिंगमध्ये कुणी बोलत नाही. सायलीनं तो भाग कापलेला नाही. त्यात काका अजून गणपतला आठवतायत ना, म्हणते.